मधुमेह आणि रात्रीची गाडी: बेळगाव, खानापूर, निपाणीकरांसाठी पायरीपायरीने

मधुमेह नुकताच निघालेल्या माणसाला डॉक्टर पथ्य सांगतात, गोळ्या लिहून देतात, रोज चालायला सांगतात. रात्री गाडी चालवण्याबद्दल सहसा कुणी काही बोलत नाही. आपल्या सीमाभागात तर रात्री गाडी चालवणं टळत नाही. भाजीचे टेम्पो अंधारातच गोव्याच्या वाटेला लागतात. उद्यमबागेतल्या कारखान्यांची दुसरी पाळी सुटली की खानापूरकडची माणसं दुचाकीवरून घरी निघतात. लग्नसराईत निपाणी-चिकोडीकडची जेवणं आटोपेपर्यंत दहा वाजतात आणि मग बेळगाव गाठायचं असतं.

अशा वेळी तीन तक्रारी कानावर येतात. समोरच्या गाडीचा फोकस आला की क्षणभर काहीच दिसत नाही. दिव्याभोवती कडं दिसतं. रस्त्याची कडा कळत नाही. ऐकायला तिन्ही सारख्याच वाटतात, म्हणून बहुतेक जण चष्म्याच्या दुकानात जाऊन नवा नंबर काढून घेतात आणि विषय संपला असं समजतात. पण यामागची कारणं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाचा उपायही वेगळा असतो. म्हणून सुरुवात चष्म्यापासून करू नका, कारण शोधण्यापासून करा.

पायरी १: आपला त्रास कुठला ते ओळखा

पहिलं कारण म्हणजे साखरेची चढउतार. रक्तातली साखर बरेच दिवस वाढलेली असली की डोळ्यातल्या भिंगात पाणी धरतं, भिंग फुगतं आणि नंबर बदलतो. उपचार सुरू होऊन साखर खाली येऊ लागली की तो पुन्हा बदलतो. गोळ्या चालू केल्यावर दिसायला उलट कमी झालं अशी तक्रार नवे रुग्ण करतात ती बऱ्याचदा यामुळेच. हा त्रास दिवसाही असतो आणि आज जास्त, उद्या कमी असा हलता असतो. साखर स्थिर झाल्यावरही डोळा ठिकाणावर यायला काही आठवडे लागतात. तोवर नवा चष्मा करू नका, पैसे वाया जातील. त्या आठवड्यांत रात्रीची गाडीही दुसऱ्या कुणाकडे द्या.

दुसरं कारण मोतीबिंदू. मधुमेहात तो इतरांपेक्षा लवकर येतो, पन्नाशीच्या आतही येऊ शकतो. मोतीबिंदूत येणारा प्रकाश डोळ्याच्या आतच विखुरतो. त्यामुळे दिवसा अक्षरं नीट वाचता येतात, पण रात्री समोरून फोकस आला की सगळीकडे पांढरं होतं आणि दिव्यांना कडी दिसतात. असा माणूस भर उन्हातही डोळे बारीक करतो.

तिसरं कारण डोळ्याचा पडदा, आणि सर्वांत जास्त काळजी याचीच घ्यायला हवी. पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या साखरेने कमकुवत होतात, त्यातून पाणी आणि रक्त झिरपतं. पुढे नव्या नाजूक वाहिन्या उगवतात आणि त्या फुटून डोळ्यात रक्तस्राव होऊ शकतो. सुरुवातीला काहीच जाणवत नाही. दुखत नाही, लाल होत नाही, दिवसा तक्त्यावरची शेवटची ओळही वाचता येते. मात्र फिकट आणि गडद यांतला फरक ओळखण्याची ताकद आधी कमी होते. अंधाऱ्या रस्त्यावर काळ्या कांबळ्यातला माणूस किंवा डांबरावर उभी म्हैस उशिरा दिसते ती यामुळे.

पडद्यावर लेझर झालेल्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. लेझर पडद्याच्या कडेच्या भागावर मारतात, म्हणजे मधली नजर वाचते. अंधारात बघण्याचं काम मुख्यतः त्या कडेच्या भागाचंच असतं. म्हणून मोठं लेझर झाल्यावर रात्री कमी दिसणं आणि उजेडातून अंधारात गेल्यावर डोळा जुळायला वेळ लागणं अपेक्षित आहे. याचा अर्थ लेझर टाळावं असा मुळीच नाही. ते टाळलं तर दिवसाचीही नजर जाऊ शकते. पण लेझर झालेल्या माणसाने रात्री गाडी चालवण्याविषयी डॉक्टरांना स्पष्ट शब्दांत विचारलंच पाहिजे.

चौथं कारण फारसं कुणाला माहीत नसतं. मधुमेह बरीच वर्षं असला की डोळ्याच्या बाहुलीच्या नसाही मंदावतात. अंधारात बाहुली मोठी व्हायला हवी ती पुरेशी होत नाही आणि आत प्रकाश कमी जातो.

आणि कधी कधी चरे पडलेला चष्मा किंवा गाडीची आतून तेलकट झालेली काच, एवढंच कारण निघतं.

घरी करण्यासारख्या तीन चाचण्या सांगतो. त्या अंदाजासाठी आहेत, निदान डॉक्टरच करतील.

पुठ्ठ्याला जाड सुईने भोक पाडा. दिवसा एक डोळा झाकून, दुसऱ्याने त्या भोकातून लांबची पाटी वाचा. भोकातून स्पष्ट दिसलं तर दोष बहुधा नंबरचा आहे. तरीही अंधुकच दिसलं तर तपासणी लांबवू नका.

एकेका डोळ्याने खिडकीच्या गजांकडे किंवा फरशीच्या रेषांकडे बघा. सरळ रेषा वाकडी दिसत असेल, मध्येच तुटत असेल, तर पडद्याच्या मध्यभागी सूज असू शकते. त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

तिसरी मला सर्वांत उपयोगी वाटते. रात्री ओळखीच्या रस्त्यावर घरातल्या कुणाला तरी गाडी चालवायला द्या आणि तुम्ही शेजारी बसा. समोर माणूस, सायकल, दगड, गतिरोधक दिसला की दोघांनी मोठ्याने म्हणायचं. पोरगा दर वेळी तुमच्या आधी म्हणत असेल, तर उत्तर मिळालं. स्टिअरिंग हातात नसल्यामुळे ही चाचणी सुरक्षित आहे, आणि घरच्यांशी वाद घालायची वेळ येत नाही.

पायरी २: पडदा तपासून घ्या

टाइप २ मधुमेह निघाला की त्याच वेळी एकदा पडदा तपासायचा आणि मग दरवर्षी. टाइप १ असेल तर पाच वर्षांच्या आत पहिली तपासणी. गरोदर बाईला आधीपासून मधुमेह असेल तर सुरुवातीच्या महिन्यांतच. बिघाड दिसला तर डॉक्टर याहून लवकर बोलावतात.

गावात मोफत शिबिर झालं, तिथे डोळे बघितले, असं पुष्कळ जण सांगतात. शिबिरात बहुधा नंबर आणि मोतीबिंदू बघतात. तुम्ही विचारायचं ते असं: "मला शुगर आहे. थेंब घालून पडदा बघितला का? पडद्यावर काही निघालं का? रात्री गाडी चालवू का?" उत्तर कागदावर लिहून मागा. पुढच्या वर्षी दुसरा डॉक्टर असला तर तुलना करता येते. बेळगावात बिम्स आणि केएलई या दोन्ही रुग्णालयांत डोळ्यांचा विभाग आहे. निपाणीकडच्यांना कोल्हापूरचं सीपीआर रुग्णालय किंवा मिरज जवळ पडतं.

थेंब घातल्यावर बाहुली काही तास मोठी राहते, जवळचं दिसत नाही आणि उजेड सहन होत नाही. त्या दिवशी स्वतः गाडी नेऊ नका, बसने जा किंवा कुणाला तरी सोबत न्या. दुपारची वेळ मिळाली असेल तर परतताना अंधार पडतो, तेव्हा सकाळचीच वेळ मागा.

पडद्यावर आधीच बिघाड असेल आणि डॉक्टर आता इन्सुलिन सुरू करून साखर भराभर खाली आणणार असतील, तर डोळ्याच्या डॉक्टरांना ते कळवा. साखर फार वेगाने उतरली की पडदा काही काळ आणखी बिघडू शकतो. साखर आटोक्यात आणणं दीर्घकाळात डोळ्याच्या भल्याचंच आहे, फक्त त्या काही महिन्यांत तपासण्या जवळजवळ ठेवाव्या लागतात. रक्तदाब वाढलेला असेल तर तोही उतरवा, पडद्याला त्याचाही मार बसतो. आणि तंबाखू सोडा. तंबाखू पिकवणाऱ्या निपाणी पट्ट्यात हे सांगणं अवघड आहे, तरीही सांगतो.

साखर स्थिर झाल्यावर चष्मा कराल तेव्हा काचांवर प्रकाश न परतवणारा लेप घ्या, खर्च थोडा जास्त येतो पण रात्री फरक पडतो. "नाइट ड्रायव्हिंग"च्या नावाने विकले जाणारे पिवळे चष्मे घेऊ नका. फोकस सौम्य वाटतो, पण रस्त्यावरून डोळ्यात येणारा प्रकाशही तेवढाच कमी होतो आणि पायी चालणारा आणखी उशिरा दिसतो.

पायरी ३: किल्ली हातात घेण्याआधी साखर बघा

डोळा ठीक असला तरी साखर एकदम उतरली की नजर अंधुक होते, एकाचे दोन दिसतात आणि निर्णयही चुकतात. इन्सुलिन घेणाऱ्यांना आणि ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका खरा आहे. फक्त मेटफॉर्मिन असेल तर तो फार कमी असतो. आपल्या गोळीच्या पाकिटावरचं औषधाचं नाव वाचा, किंवा औषधाच्या दुकानात विचारा.

निघण्याआधी बोटातून साखर तपासा. ९० च्या वर असेल तर निघा. ७० ते ९० च्या मध्ये असेल तर आधी काहीतरी खा आणि पुन्हा तपासा. ७० च्या खाली असेल तर गाडी चालवायची नाही. लांबचा प्रवास असेल तर दर दोन तासांनी तपासणी. बेळगावहून पुण्याला निघालात तर कोल्हापूरला एकदा आणि साताऱ्याला एकदा थांबा, सोबतच्यांचा चहाही होतो.

गाडी चालवताना घाम फुटला, हात थरथरले, छातीत धडधडलं, उगाच चिडचिड झाली, समोरचे दिवे दोन-दोन दिसू लागले, तर "पुढच्या गावात बघू" म्हणू नका. डाव्या बाजूला घ्या, चारी इंडिकेटर लावा, इंजीन बंद करा. तीन-चार चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्या. पंधरा मिनिटांनी तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा घ्या. साखर वर आली की भाकरी, बिस्किटं असं काहीतरी पोटात घाला. त्यानंतरही पाऊण तास थांबायचं. साखर वर येते तेव्हाच डोकं पूर्ण ठिकाणावर आलेलं नसतं, त्याला थोडा वेळ लागतो.

कुंदा चालेल का, असं बेळगावात हमखास विचारतात. नाही चालणार. कुंद्यात खवा आणि तूप असतं, त्यामुळे त्यातली साखर रक्तात हळू उतरते. चॉकलेटचंही तेच. आणि तुमच्या गोळीत व्होग्लिबोस किंवा अकार्बोस असेल तर साधी साखरही लवकर लागू पडत नाही, गाडीत ग्लुकोज पावडरच ठेवावी लागते. हे डॉक्टर सांगायला विसरू शकतात, तुम्ही विसरू नका.

उपवासाच्या दिवशी जास्त जपा. एकादशी धरली, गोळी नेहमीसारखी घेतली आणि संध्याकाळी गाडी काढली, की साखर वाटेतच उतरते. उपवास करायचा असेल तर गोळीचं काय करायचं ते आदल्या आठवड्यात विचारून ठेवा. नाहीतर त्या दिवशी गाडी नको.

तपासायच्या पट्ट्या उन्हात उभ्या गाडीच्या कप्प्यात ठेवू नका, आकडा चुकतो.

मधुमेह जुना असेल, किंवा रक्तदाबासाठी काही विशिष्ट गोळ्या चालू असतील, तर थरथर-धडधड ही लक्षणं कधी कधी येतच नाहीत आणि माणूस थेट गुंगतो. असं एकदा जरी झालं असेल, तर डॉक्टरांनी सांगेपर्यंत गाडी दिवसाही बंद.

पायरी ४: गाडी

पुढची काच आतूनसुद्धा पुसा, वायपरचे रबर बदला, हेडलाइटची पिवळी पडलेली काच गॅरेजात घासून घ्या आणि फोकसची उंची लावून घ्या. काचांवर गडद फिल्म असेल तर काढा. डॅशबोर्डचा उजेड कमी करा, मोबाईलचा पडदा मंद करा. अंधारात जुळायला डोळ्याला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाईलकडे एकदा बघितलं की ते वाया जातं. दुचाकीस्वारांनी हेल्मेटची चरे पडलेली काच बदलावी. काळी काच रात्री मुळीच वापरू नये.

पायरी ५: रस्ता आणि वेळ निवडा

रात्री कमी अंतराचा रस्ता सोडून चांगला रस्ता धरा. दुभाजक असलेल्या महामार्गावर समोरचा फोकस थेट डोळ्यावर येत नाही. आतल्या दुपदरी रस्त्यावर दर मिनिटाला येतो. दहा-पंधरा किलोमीटर जास्त पडले तरी महामार्ग गाठा. महामार्गावरही वंटमुरी आणि तवंदीच्या घाटांत आणि रुंदीकरणाची कामं चालतात तिथे वेग आधीच कमी करा.

गोव्याला जायचे चोर्ला आणि अनमोड हे दोन्ही घाट, तसाच सावंतवाडीकडे उतरणारा आंबोली, रात्री टाळा. वळणावर फोकस अचानक डोळ्यात येतो, जंगलातून गवे रस्त्यावर येतात आणि पावसाळ्यात जांबोटी-कणकुंबीच्या पुढे धुकं आणि पाऊस एकत्र असतो. धुक्यात अप्पर लावला तर आपलाच उजेड परत डोळ्यावर येतो, म्हणून डिप्परच ठेवा. सूर्य उगवल्यावर निघालात तरी दुपारच्या जेवणाला पणजीत पोचता येतं.

साधारण नोव्हेंबर ते मार्च हा ऊस गळिताचा काळ. दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर मागच्या दिव्याशिवाय चालतात, बिघडले की रस्त्यातच उभे राहतात. उसाचा रंग रात्री रस्त्यात मिसळून जातो, धडधाकट नजरेलाही ते उशिरा दिसतात. याच दिवसांत सौंदत्तीच्या यल्लमाची आणि चिंचलीच्या मायाक्काची यात्रा असते, बैलगाड्या आणि पायी चालणारी माणसं रात्रभर रस्त्यावर असतात. मधुमेहाने नजर थोडी जरी कमी झाली असेल, तर या महिन्यांत अंधार पडायच्या आत घरी पोचायचा नियम करा. डिसेंबरात सहाच्या सुमारासच दिवस मावळतो, हे निघताना लक्षात ठेवा.

नव्या गावाला जायचं असेल तर तो रस्ता एकदा दिवसा बघून ठेवा. कन्नड पाट्या सवयीच्या नसतील तर त्या रात्री वाचण्यात नजर जास्त वेळ अडकते.

आणि उशीर झालाच तर पाहुण्यांकडे वस्तीला राहा. गोळ्या आणि इन्सुलिन सोबत असलं की अडत नाही. आपल्याकडे "राहा की आज" म्हणणारं घर प्रत्येक गावात असतं.

पायरी ६: समोरून फोकस आला की

फोकसकडे बघू नका. नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर न्या, वेग आधीच उतरवा. चिडून आपणही अप्पर मारला तर दोघेही आंधळे होतात. डिप्परचा उजेड साधारण पन्नास-साठ मीटरपर्यंत पोचतो. ताशी ८० वेगाने गाडी थांबायला सत्तर मीटरच्या आसपास अंतर लागतं, म्हणजे जे दिसतंय त्याच्या आत गाडी थांबतच नाही. साध्या रस्त्यावर रात्री ५० च्या वर जाऊ नका. मागचा माणूस हॉर्न मारत असेल तर बाजूला होऊन त्याला जाऊ द्या.

पोट ज्यांचं रात्रीच्या गाडीवर आहे

भाजीच्या टेम्पोवाल्याला "रात्री चालवू नको" एवढंच सांगून चालत नाही, हे मला कळतं. अनेकांनी भीतीपोटी तपासणीच टाळलेली असते. पण मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रियेने बहुतेकांची रात्रीची नजर सुधारते, फक्त आधी पडदा तपासून घ्यावा लागतो. पडद्याच्या मधल्या सुजेवर इंजेक्शनं आहेत. लवकर गेलात तर काम टिकण्याची शक्यता जास्त असते. उपचार चालू असेपर्यंत मालकाशी बोलून दिवसाची फेरी मागा, किंवा अंधाराचा टप्पा जोडीदाराने चालवायचा आणि उजाडल्यावर तुम्ही, असं ठरवा.

परवान्याच्या फॉर्म १ मध्ये दिवसाच्या उजेडात २५ मीटरवरून नंबर प्लेट वाचता येते का आणि रातांधळेपणा आहे का, हे स्वतः लिहून द्यावं लागतं. चाळिशीनंतर आणि व्यावसायिक परवान्याला डॉक्टरचा फॉर्म १-ए लागतो. तिथे खरं सांगा. प्लेट वाचता आली म्हणजे रात्री चालवायला नजर योग्य आहे असं धरू नका, ती चाचणी दिवसाची आहे.

ताबडतोब डॉक्टर गाठायची लक्षणं

डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके किंवा जाळी पसरली, विजेसारखे चमकारे दिसले, एका बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं, एका डोळ्याचं दिसणं गेलं, एकाचे दोन दिसू लागले, तर दुखत नसलं तरी त्याच दिवशी डोळ्याचा डॉक्टर गाठायचा. स्वतः गाडी चालवत जायचं नाही. रात्री वाटेत असं झालं तर गाडी कडेला लावा, घरी फोन करा. कुणी पोचण्यासारखं नसेल किंवा शुद्ध हरपतेय असं वाटलं तर १०८ वर रुग्णवाहिका मागवा. कुठल्या गावाजवळ आहात ते सांगता यावं म्हणून किलोमीटरचा शेवटचा दगड कुठला गेला ते सोबतच्याला बघून ठेवायला सांगा. सोबत कुणी नसेल तर मोबाईलवरून आपलं ठिकाण घरी पाठवा.